इंदूर, बोला

रात्रपाळी संपवून यायची ती एक्स्चेंजमधून
कानांवर हेडफोनचे लाल वळ घेऊन.
रात्रभर म्हणालेली असायची, इंदूर, बोला,
भुसावळ, बोला,
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
कुणाचा बाप वारला, कुणाचा माल खांडव्याला अडला,
कुणी नुसतं हॅलो हॅलो करत पैसे संपवले.
सगळं तिच्या कानांतून गेलेलं.

शनिवारी महूची गाडी, मीटरगेज.
मी, पोत्यात शिवलेले माझे ड्रम,
आणि प्रमदा भोंडवे, मिलच्या जॉबरची थोरली,
पर्समध्ये शेवेचा पुडा
आणि वहीत देवनागरीत उतरवलेली इंग्रजी गाणी.
अर्धे शब्द चुकीचे,
गार्ड डिक्रूझच्या तबकड्यांवरून कानानं टिपलेले.
तो म्हणायचा, बाई, असा शब्दच नाही इंग्रजीत.
ती म्हणायची, आता आहे.

त्याआधी गाण्याच्या दोन परीक्षा झाल्या होत्या तिच्या.
तिसरीच्या वेळी बाईंनी पेटीच मिटली:
तुझा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही,
मधल्या मध्ये लोंबकळतो.
आणि डिक्रूझच्या खोलीत एका दुपारी
कुणी दूरची, कधीच मेलेली, जाड आवाजाची बाई
नेमकी त्याच गंधारावर लोंबकळत होती.
प्रमदा रडली वगैरे नाही.
सुई उचलली, परत ठेवली. सात वेळा.

मी तबल्याचा माणूस.
बारा म्हणजे एकताल, म्हटलं मी.
नाही रे भिया, हे बारा वेगळे.
हे समेवर येतात, पण घरी पोचत नाहीत.

रेल्वे इन्स्टिट्यूटची लाकडी फरशी, रमचा वास,
सोमवारी पोस्टिंगवर निघणारी फौजी पोरं.
ती पदर खोचायची, माइकवर टिचकी मारायची,
इंदूर, बोला.
पोरं हसायची. मग हसायची थांबायची.
पहाटेच्या भोंग्यासारखा तो आवाज
खालून उठायचा, वर जाताना खरवडत जायचा,
आणि वर पोचला की लवकर उतरायचाच नाही.
सियागंजच्या हार्डवेअरवाल्याचा मुर्तझा गिटार विसरून विचारायचा,
हिला शिकवलं कुणी?
मालवा मिलनं, मी म्हणायचो.

देवासहून एक स्थळ आलं होतं. पेटी येते का, विचारलं.
येते, म्हणाली. मिटायला येते.

एकदाच गेलो मुंबईला, रेकॉर्ड करायला.
काचेमागचा माणूस म्हणाला, आवाज चांगला आहे,
जरा बाईसारखं गा.
तिनं हेडफोन काढला, टेबलावर नीट ठेवला,
नोकरीत ठेवायची तसा,
आणि म्हणाली, तीन मिनिटं झाली.
परतीच्या गाडीत शेव संपेपर्यंत
आम्ही कुणी काही बोललो नाही.

मग पिवळे एसटीडी बूथ आले,
एक्स्चेंजमधले बोर्ड भंगारात गेले वजनावर.
मिल बंद पडली. भोंग्याशिवाय पहाट
कितीतरी दिवस उशिरा व्हायची आमच्याकडे.
मुर्तझा दुबईला. डिक्रूझ महूच्याच मातीत.
तिच्या गळ्यात गाठ निघाली, ती काढली,
गाठीबरोबर आणखी काय काय गेलं
ते डॉक्टरांनी कागदावर लिहिलं नाही.

माझं आता जेलरोडला दुकान आहे,
माइक, स्पीकर भाड्यानं.
परवा आली. सत्तरी ओलांडलेली.
गळ्यावर टाक्यांची रेघ, न झाकलेली.
पीठ चाळल्यासारख्या आवाजात म्हणाली,
महूच्या त्या नाताळाचे पंधरा रुपये राहिलेत तुझ्याकडे.
दिले. तिनं मोजले, सुटे होते तरी.
मग काउंटरवरचा माइक उचलला,
टिचकी मारली,
आणि धरून उभी राहिली तशीच, डोळे मिटून,
बाहेर टेम्पो, हॉर्न, कुणाची तरी वरात.

दुकानातला पोरगा म्हणाला, आजी, स्विच बंद आहे.
माहीत आहे, म्हणाली.
लाइन ऐकतेय.